घरच्या आठवणी लिहिताना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



‘सत्यकथन आणि लालित्य’ असा भारदस्त विषय कार्यकारी मंडळाने मला नेमून दिला आहे. माझा हेतू मात्र साधा आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दिवंगतांचे परिचय येतात. ते एका बैठकीत वाचून पाहावेत. प्रत्येक गृहस्थ मनमिळाऊ, प्रत्येक गृहिणी सोशिक! नावांची अदलाबदल केली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. माणूस तर गेलाच. अशा शब्दांनी त्याची उरलीसुरली ओळखही पुसली जाते.

लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. वडिलांचे सोवळे वर्णिताना त्या विशेषणांची रास घालीत नाहीत. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे, एवढे सांगतात. धुतलेल्या मिठाचे काय होते, हे वाचकास ठाऊकच असते! त्या घरातील बायकांचे हालही त्यास न सांगता कळतात.

तपशील आठवत नसेल तर रचावा काय? माझ्या मते, मुळीच रचू नये. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि पुढे १८८३ साली त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. काल्पीच्या वाटेवर तहानलेल्या राणीने त्यांना विहिरीतून पाणी काढू दिले नाही, दोर स्वतःच हाती घेतला. हा प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. त्याच पुस्तकातील ऐकीव भाग मात्र अभ्यासक जपून वापरतात. म्हणून ऐकलेली गोष्ट ‘आजी सांगत असे’ असे म्हणूनच लिहावी. त्यामुळे गोडी उणावत नाही. उलट आजीही पानावर येते.

अवघड जागा पुढेच आहे. वाटणीचे तंटे, विधवा चुलतीस मिळालेली वागणूक, हे लिहावे काय? हयात माणसांचा विचार करावा, प्रसंगी नाव गाळावे. परंतु जी जन्मभर स्वयंपाकघरात अबोल राहिली, तिला ‘सर्वांची लाडकी’ म्हणून छापू नये. तो तिच्यावर दुसरा अन्याय होईल.

यंदा दिवाळीत घरातील वृद्धांपाशी वही घेऊन बसावे. ‘आयुष्य कसे गेले?’ असे विचारू नये. पहाटे चूल कोण पेटवी, पाणी कोठून येई, पहिला पगार कोणाच्या हाती दिला, असे विचारावे. उत्तर त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावे. लेख संपादकांकडे वेळेवर पाठवावेत. विशेषणे ते निर्दयपणे कापणार आहेत, असे त्यांनी मला आधीच सांगून ठेवले आहे.