सुसज्ज घर, अल्प मुदत आणि लेखी करार

परगावाहून येणारा माणूस अमरावती आणि अकोला या शहरांना नवा नाही. अकोल्यास 1969 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, अमरावतीस 1983 मध्ये विद्यापीठ आले. बदलीवर आलेला अधिकारी, प्रबंधासाठी आलेला संशोधक, रुग्णाच्या शुश्रूषेसाठी आलेले आप्त यांना तीन-चार महिन्यांपुरतेच घर हवे असते. पलंग, शेगडी, भांडीकुंडी बरोबर घेऊन फिरणे त्यांना परवडत नाही. दुसऱ्या बाजूस, मुले पुण्या-मुंबईस स्थायिक झाल्यामुळे सामानासह कुलूपबंद असलेली घरे याच शहरांत आहेत. गरज आणि घर समोरासमोर असूनही त्यांची गाठ पडत नाही, कारण मालकाच्या मनात एकच शंका असते : आत आलेला माणूस वेळेवर बाहेर पडेल काय?

ही शंका निराधार म्हणता येणार नाही. तिला इतिहास आहे. युद्धोत्तर घरटंचाई आणि फाळणीनंतरचे निर्वासित यांच्या काळात मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. भाडेनियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. घर रिकामे झाले तर त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागे आणि ते कोणास द्यावे हे तेही ठरवू शकत. बेघरांना त्यातून आसरा मिळाला हे खरेच. परंतु चार महिन्यांसाठी घर देणे ही कल्पनाच त्या चौकटीत बसेना. विदर्भात हा आदेश पुढे पन्नास वर्षे चालला. त्याची आठवण आजही अनेक वाड्यांच्या कुलपांत शिल्लक आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला आणि परिस्थिती पालटली. भाडेपट्टा आणि परवाना यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने केवळ ठरलेल्या काळापुरती वापराची मुभा मिळते. निवासासाठी परवान्याने दिलेली जागा मुदत संपताच परत करणे कलम 24 अन्वये बंधनकारक आहे. तसे न केल्यास मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि रेंगाळणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

मात्र हे संरक्षण तोंडी शब्दावर मिळत नाही. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे व नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास वाद उद्भवल्यावर राहणाऱ्याचे म्हणणे प्रथम ग्राह्य धरले जाते. शिवाय मालक शिक्षेसही पात्र ठरतो. थोड्या खर्चासाठी नोंदणी टाळणारा मालक आपल्याच दाराची कडी काढून ठेवतो.

सुसज्ज घराच्या करारास सामानाची यादी जोडावी. पलंग किती, पंखे किती, कशास पूर्वीच तडा गेला आहे, हे दोघांनी मिळून पाहावे आणि दोघांनी सही करावी. वीजमापकाचा आकडा त्याच दिवशी लिहावा. अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नव्हे. तो चालू स्थितीत द्यावा आणि त्याच्या दुरुस्तीचा भार कोणावर हेही लिहावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी खारे असते. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते, हे नवागतास पहिल्याच दिवशी सांगावे. अनामत रक्कम परत देण्याची रीतही करारातच असावी.

मुदतीनंतरही कोणी राहिलाच तर कुलूप बदलणे, सामान बाहेर टाकणे हा मार्ग नव्हे. कायद्याने मालकास दार उघडून दिले आहे, दंड उगारण्याची मुभा दिलेली नाही.

चिखलदऱ्यासारख्या गिरिस्थानी मुक्काम महिन्यांचा नसून एक-दोन रात्रींचा असतो. तेथे पर्यटन विभागाची निवास व न्याहरी योजना मालकास उपयोगी पडते. पाहुण्याचे नाव, पत्ता, येण्याजाण्याची वेळ नोंदवहीत लिहिणे आणि पाहुणा परदेशी असल्यास 24 तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यास कळविणे, ही कर्तव्ये तेथेही चुकत नाहीत.

ज्या मालकास कराराची भाषा अवघड वाटते, त्यास ती वाचून, समजावून देण्याचे काम गावातील शिक्षक आणि पंचायत सदस्य सहज करू शकतात. याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे परक्यांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि हातातील खराट्याने स्वच्छतेचा धडा दिला. धर्मशाळा हा धर्म होता आणि भाड्याचे घर हा व्यवहार आहे. तरीही स्वच्छ जागा, खरा शब्द आणि परक्याविषयी आदर या तीन गोष्टी दोहोंना लागतात. त्यांस लेखी कराराची जोड मिळाली, तर वऱ्हाडातील कुलूपबंद घरे पुन्हा नांदती होतील.