शून्यावाचूनची गणती

१९९९ हा आकडा आपण एका रीतीने लिहितो आणि दुसऱ्या रीतीने बोलतो. लिहिताना चार अंक शेजारी शेजारी मांडतो. बोलताना मात्र ‘एकोणीसशे नव्याण्णव’ म्हणतो, म्हणजे आधी शेकडे किती ते सांगतो आणि मग उरलेली रक्कम. आपण बोलतो त्याच रीतीने लिहिणारी एक अंकपद्धती इथिओपिया देशात आहे. मलिक अंबराची ती मायभूमी. तिथल्या प्राचीन गीझ भाषेच्या लिपीतील हे अंक होत.

या पद्धतीत चिन्हे वीस. एक ते नऊ यांची नऊ, दहा ते नव्वद या दशकांची नऊ, शंभराचे एक आणि दहा हजारांचे एक. ही चिन्हे ग्रीक अक्षरांवरून घेतलेली आहेत. ग्रीक लोक आपल्या वर्णमालेलाच अंकांचे काम देत असत. परंतु ग्रीकांनी दोनशे, तीनशे यांनाही स्वतंत्र अक्षरे दिली, तर इथिओपियाच्या लेखकांनी ‘दोन’ लिहून पुढे ‘शंभर’ लिहिले. शंभराची दोन चिन्हे एकमेकांस जोडली की दहा हजार! प्रत्येक चिन्हाच्या वर आणि खाली एक आडवी रेघ असते. तिच्यामुळे अंक अक्षरांहून चटकन वेगळा ओळखू येतो. शून्य मात्र येथे नाही, आणि त्याची गरजही नाही. १९९९ लिहावयाचे तर दहा, नऊ, शंभर, नव्वद, नऊ अशी पाच चिन्हे पुरतात. आपला एक लाख म्हणजे ‘दहा’ आणि ‘दहा हजार’ अशी अवघी दोन.

संगणकाचे युग आले तेव्हा या अंकांपुढे एक पेच उभा राहिला. आरंभी प्रत्येक टंकाचे संकेतक्रमांक निराळे असत. एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांचा कचरा होई. मराठीनेही हा त्रास भोगलाच आहे. १९९९ साली युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या तिसऱ्या आवृत्तीत इथिओपियाच्या लिपीला स्थान मिळाले, आणि तिच्याबरोबर या वीस चिन्हांनाही.

तथापि जागा मिळाली म्हणजे काम झाले असे नव्हे. यंत्राला चिन्हाचा आकार कळून भागत नाही, त्याचा स्वभावही कळावा लागतो. देवनागरीचे ० ते ९ हे अंक युनिकोडने ‘दशमान अंक’ म्हणून नोंदविले आहेत. गीझ अंकांना ही पदवी दिलेली नाही, आणि ते योग्यच झाले. अन्यथा वरील पाच चिन्हे स्थानमूल्याने वाचून यंत्राने भलतीच रक्कम सांगितली असती. नुसत्या संकेतक्रमाने यादी लावली तरी घोटाळा होतो. ‘दोन, शंभर’ ही जोडी ‘वीस’ या चिन्हाच्या आधी येते, कारण दोनाचा क्रमांक विसाच्या आधीचा आहे! म्हणून रूपांतराचा नियम स्वतंत्र लिहावा लागतो. संख्येचे अंक उजवीकडून दोन दोन करून पाडावयाचे, प्रत्येक जोडीची दशके व एकके मांडावयाची, आणि एकाआड एक शंभराचे व दहा हजारांचे चिन्ह लावीत जावयाचे. शंभरापूर्वीचा ‘एक’ गाळावयाचा, कारण ‘शंभर’ म्हटले की तो आलाच. वेबच्या पानांवरील क्रमांकांसाठी हा नियम आज अधिकृतपणे नोंदविलेला आहे.

इथिओपियाच्या बाजारात व हिशेबात आता युरोपीय अंकच चालतात. गीझ अंक उरले आहेत ते धर्मग्रंथांतील अध्यायांवर, श्लोकांवर आणि तेरा महिन्यांच्या तिथल्या पंचांगात. मग इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. जुना ग्रंथ यंत्रात उतरविताना त्यातील आकडा केवळ चित्र म्हणून राहिला, तर अमुक अध्यायातील अमुक श्लोक कोणालाही शोधून काढता येणार नाही. तो आकडा म्हणून राहिला, तर ग्रंथाची वाट पुढच्या पिढीला मोकळी राहील. सर्व लिपींना समान न्याय द्यावयाचा तर सर्वांना एकच साचा लावून चालत नाही. प्रत्येकीची रीत आधी समजून घ्यावी लागते.