पाच चेहरे आणि मुन्शीची वही



संमेलनाच्या अध्यक्षांनी साहित्यावरच बोलावे, अशी चिठ्ठी सकाळी माझ्या हाती आली. खाली सही नाही. पण ते अक्षर मी ओळखते. परिणाम-अहवालांच्या मानधनाच्या पावत्यांवर तेच असते.

माझे भांडण आहे पाच चेहऱ्यांशी. तुम्हाला ते ठाऊक आहेत: खूप हसरा, हसरा, मख्ख, नाराज, रडका. सर्वेक्षणाची पोरे येतात, कागद पुढे धरतात आणि विचारतात, मोहफुलांच्या उद्योगामुळे तुमचा आत्मविश्वास किती वाढला? दारी आलेल्याला नाराज कसे करायचे, म्हणून बाई हसऱ्यावर बोट ठेवते. झाला सामाजिक परिणाम! वनखात्याने इतकी वर्षे आमचा बांबू अडवला, त्याने झाले नसेल एवढे नुकसान या चेहऱ्यांनी केले. जास्त वाटले तर वाटू द्या. हा माईक मला पुन्हा मिळायचा नाही.

हे मोजमाप कुणासाठी चालते? कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआरचा, २०२१चा नियम वाचा. ज्या कंपनीवर सरासरी १० कोटी वा त्याहून जास्त रकमेची सीएसआरची जबाबदारी आहे, तिने १ कोटी वा त्यावरच्या प्रकल्पाचे मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचे. अहवाल ठेवायचा कुठे? संचालक मंडळापुढे. ग्रामसभेपुढेही ठेवा, असे त्यात एक अक्षर नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातले पाचगाव घ्या. २०१२मध्ये हजारावर हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबू विकते. तेंदू मात्र तोडायचा नाही, असे तिनेच ठरवले. कारण पानासाठी झाडे छाटतात, आगी लावतात. उत्पन्नाच्या रकान्यात हा निर्णय म्हणजे निव्वळ तोटा. न लागलेल्या वणव्याला कुठला चेहरा द्यायचा, हसरा की मख्ख? मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये असाच हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. मधल्या काळातली विक्री मोजली असती, तर ते गावही नापास.

मोजणी दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, ते मी लहानपणीच पाहिले. माझी आई तेंदूच्या हंगामात अंधारातच निघायची. सत्तर पानांचा एक पुडा. दुपारी सावलीत बसून आम्ही भावंडे पुडे बांधायचो, धाकटा मोजता मोजता झोपायचा. संध्याकाळी पुडे मोजून घ्यायच्या फळीवर ठेकेदाराचा मुन्शी शंभरामागे चार-पाच पुडे बाजूला फेकायचा, पान लहान म्हणून. फेकलेले पुडे रात्री ठेकेदाराच्याच ढिगात जायचे. आईला लिहिता येत नव्हते, पण तिच्या मोजणीत चूक नसायची. तरी हिशेब मुन्शीच्या वहीचा, आणि ती वही तिला कधी दाखवली गेली नाही.

आपल्याही काही संस्था हेच चेहरे घेऊन फिरतात. ती माणसे वाईट दिवसांत आपल्यासोबत उभी राहिली. त्यांच्याशी मी घरी बोलेन.

जाहीर ठराव बाकीच्यांसाठी. आमच्या गावातल्या उद्योगाचा परिणाम मोजायचा असेल, तर काय मोजायचे ते आधी ग्रामसभा ठरवेल. अहवाल गोंडीत, माडियात, गाव जी भाषा बोलते तिच्यात, भर सभेत वाचला जाईल. गावाने दुरुस्ती सांगितली तर ती केल्याशिवाय अहवाल पुढे जाणार नाही. तोवर मूल्यमापन करणाऱ्याचे बिल अडवून ठेवा.

सूचक मी आहे. अनुमोदन कोण देते, बोला.