पोरक्या मुलांचा वाटा



एड्सने आईबाप नेलेल्या मुलांवर दया करणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हक्क राखणारे थोडे. घरातले रडे थांबण्यापूर्वीच भाऊबंद सातबाराची चौकशी करू लागतात, आणि शाळेत शेजारची जागा रिकामी होते. वास्तविक एका बाकावर बसल्याने वा एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही. आईबापांना होता म्हणून मुलाला असतोच असेही नाही. आणि असला तरी नियमित औषधांनी मूल चांगले वाढते.

या मुलांसाठी २०१७ साली कायदा झाला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आहे. रोगाच्या कारणाने शाळा नाकारण्यास त्याची मनाई आहे. घर सांभाळणारे, बारा वर्षे पुरी झालेले समंजस भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळेत नाव घालू शकते, बँकेचे खाते चालवू शकते. मुलांच्या मिळकतीचे कागद बालकल्याण समितीकडे ठेवता येतात. जमीन कोणी बळकावली तर तेथे तक्रारही करता येते.

पण बारा वर्षांचे पोर एकटे तेथवर कसे पोचणार? आपल्याच जामखेड तालुक्यात १९७० पासून डॉक्टर आरोळे दांपत्याने खेड्यातल्या साध्या बायकांना आरोग्याचे काम शिकविले, आणि त्या बायकांनी कुष्ठरोगाचे भय घरोघर कमी केले. तेव्हा खर्ड्याला हे अवघड नाही. अशा मुलाबरोबर कचेरीत जाणारा आणि त्याच्या रोगाविषयी चावडीवर अवाक्षर न काढणारा एक माणूस प्रत्येक आळीने द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.