नक्कल करायलाही अक्कल लागते

जहाज धक्क्याला लागले की त्याचे मुख्य इंजिन विसावते. पण दिवे, पंखे, पंप यांच्यासाठी जनित्रे धडधडतच राहतात. त्यांचा धूर जातो शेजारच्या वस्तीत. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदराने २००० साली यावर उपाय केला. धक्क्यावरून उच्च दाबाची वीज रो-रो जहाजांना दिली आणि जनित्रे बंद झाली.

ही योजना दुसऱ्या बंदरात रुजेल का? गोथेनबर्गला तीच ती जहाजे ठरल्या वेळी परत येत, म्हणून जहाजांवर जोडणी बसवण्याचा खर्च परवडला. जिथे रोज नवे जहाज, तिथे धक्क्यावर वीज असूनही ती घ्यायला कुणी नाही, अशी गत होते.

लॉस एंजेलिसने २००४ साली कंटेनर जहाजांना वीज दिली. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची, बहुतेक कंटेनर जहाजांचीही तीच. आपली ५० हर्ट्झची. म्हणजे ती बदलणारी महागडी यंत्रणा आलीच. जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली ठरले, तरी हा खर्च टळला नाही.

शिवाय स्वीडनची बरीचशी वीज पाण्यापासून आणि अणुशक्तीपासून होते, महाराष्ट्राची मुख्यतः कोळशापासून. मुंबईच्या गोदीतला धूर थांबवताना चंद्रपूरच्या आकाशात तो वाढू नये.

म्हणून योजना नको, असे नाही. गोदीशेजारच्या मुलांनाही स्वच्छ हवेचा हक्क आहेच. फक्त निविदा काढण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : जहाजे तीच येतात का, वीज जुळते का आणि ती होते कशापासून?