दाबू का, साहेब?

आज कोडबद्दल बोलणार नाहीये. किंवा बोलेन, पण जरा आडवळणाने.

गेलं वर्षभर मी पुण्यात दर रविवारी सकाळी दोन तास काही जणांना मोबाइल शिकवतो. एका ओळखीच्या कार्यकर्त्याने बोलावलं म्हणून गेलो. येणारे सगळे तुरुंगातून सुटलेले. पहिल्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो, रीतसर अभ्यासक्रम तयार करून. माउस, फोल्डर, वर्ड, एक्सेल. पंधरा मिनिटांत लक्षात आलं की यांची अडचण एक्सेलची नाहीच. लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, कुणाचं काय अडलंय ते सांगा.

त्यातल्या एका काकांबद्दल सांगतो. नाव अर्थातच सांगणार नाही. काका २००९ मध्ये आत गेले, २०२४ मध्ये सुटले. जाताना खिशात टॉर्चवाला नोकिया होता. आता हिशेब करा. देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली २०१० मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. यूपीआय, जिओ, नोटाबंदी, तिन्ही २०१६ मधली. हे सगळं त्यांच्या मागे घडलं. शब्द त्यांना माहीत होते बरं का. आत पेपर येतो, टीव्ही असतो. पण क्रिकेट नुसतं रेडिओवर ऐकलेल्या माणसाच्या हातात एकदम बॅट द्यावी, तसं झालं होतं.

काकांचं बँकेत जुनं खातं होतं. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, तसं तेही झालेलं. ते बँकेत जाऊन, केवायसी देऊन सुरू करता येतं. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर २००९ चा. सिम तीनेक महिने वापरलं नाही की नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. आम्ही गंमत म्हणून त्या नंबरावर फोन लावला. एका मुलीने उचलला. लातूरची होती, कॉलेजला जाणारी. म्हणजे काकांच्या खात्याचा ओटीपी इतकी वर्षं तिच्याकडे जाऊ शकत होता. काका हसले. म्हणाले, "आतला नंबर मात्र शेवटपर्यंत माझाच होता."

मी काही हसलो नाही. कारण लॉगिनचे असले स्क्रीन मी स्वतः बनवतो. "जुना नंबर आता माझ्याकडे नाही" या पर्यायासाठी आमच्या टीममध्ये एक तिकीट पडून होतं. त्यावर 'लो प्रायॉरिटी' असं लेबल होतं. ते मीच लावलेलं. माझ्या डोळ्यांसमोर नंबर हरवणारा माणूस म्हणजे फार तर परदेशी शिकायला गेलेला कुणीतरी. पंधरा वर्षं नंबरच नसलेला माणूस असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

असो. बँकेचं काम तीन फेऱ्यांत झालं. खरी अडचण पुढे होती.

काका कुठलंही बटण दाबायच्या आधी विचारायचे, "दाबू का, साहेब?" मी त्यांच्या मुलाच्या वयाचा. साहेब म्हणू नका असं दहा वेळा सांगितलं. जमलं नाही त्यांना. पण फोनने विचारलं की मात्र लगेच हो. कॉन्टॅक्ट बघू? अलाउ. मायक्रोफोन? अलाउ. लोकेशन? अलाउ. मी म्हटलं, काका, टॉर्चच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? तर ते म्हणाले, "नाही म्हणायचं असतं का?"

आत पंधरा वर्षं हेच शिकले ना. विचारल्याशिवाय काही करायचं नाही आणि वरून हुकूम आला की नाही म्हणायचं नाही. तिथे तसं वागून त्यांचं नीट निभावलं. बाहेर, हातात स्मार्टफोन असताना, तीच सवय महागात पडते.

पावसाळ्यात एकदा त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आपल्यातले शिकलेसवरले, मोठ्या हुद्द्यांवरून रिटायर झालेले लोकही या प्रकाराला फसलेत. काका तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. फोन टेबलावर भांड्याला टेकवलेला आणि हे समोर, हात मागे बांधून. अर्धा तास. सून बाजारातून आली, तिने फोन कट केला. पैसे गेले नाहीत, कारण खात्यात नव्हतेच. पण त्यानंतर दोन रविवार काका आले नाहीत.

आले तेव्हा मी दुसरं काहीच घेतलं नाही. एवढंच सांगितलं: डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी अटक करत नाही. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना. फसलात तर लगेच १९३०. आणि मग सराव. मी दुसऱ्या खोलीतून फोन करायचो, दरडावायचो, आणि त्यांनी कट करायचं. पहिल्यांदा त्यांचं बोट लाल बटणावर नुसतं थरथरत होतं. शेवटी डोळे मिटून दाबलं. वर्गात टाळ्या पडल्या. डोंट अलाउचाही असाच सराव केला, चुकलं तर सेटिंगमध्ये जाऊन परत बदलता येतं हे दाखवून. हे त्यांना सगळ्यात जास्त आवडलं. परत बदलता येतं.

काका आतल्या कारखान्यात सुतारकाम शिकलेत. हात उत्तम आहे. आता ते केलेल्या कामाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर कंत्राटदारांना पाठवतात. फोटो थोडे तिरके येतात, चालतंय.

परवाच्या रविवारी वर्गात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. मला वाटलं आता विचारणार, घेऊ का? विचारलं नाही. सरळ कट केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दोन मिनिटांनी त्याच नंबरावरून मेसेज आला: दोन दरवाजे आणि एक कपाट करायचंय, रेट सांगा.

मी म्हटलं, काका, हा घ्यायचा होता. ते म्हणाले, "थांबा जरा, मी लावतो त्याला." आणि बाहेर जाऊन बोलून आले.