इंग्रजी कादंबरींतील आजारी मूल

इ. स. १८४१ च्या आरंभीं इंग्लंडांतील हजारों घरांत एकच चिंता वावरत होती : नेल जगेल कीं मरेल? चार्लस् डिकन्सच्या 'दि ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरींतील ही जेमतेम चौदा वर्षांची पोरकी पोर. जुगाराच्या नादानें सर्वस्व घालविलेल्या आजोबाचा हात धरून ती लंडनहून निघते, कारखान्यांच्या धुरानें काळवंडलेल्या मुलखांतून उपाशीपोटीं चालते, आणि अखेर एका खेड्यांतील जुन्या चर्चच्या छायेंत प्राण सोडते. कादंबरी साप्ताहिक अंकांतून निघत असे व अंकांचा खप एक लाखाच्या घरांत गेला होता. अमेरिकेच्या धक्क्यावर जमलेल्या लोकांनीं येणाऱ्या जहाजाला ओरडून नेलची खुशाली विचारली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. एडिंबरोचा करारी टीकाकार व न्यायाधीश लॉर्ड जेफ्री याच्याहि डोळ्यांना नेलसाठीं धारा लागल्या, हें प्रसिद्धच आहे.

आज हें ऐकून कित्येकांना हसूं येईल. परंतु हसण्यापूर्वीं त्या काळचें मरणाचें खातें एकवार उलगडून पाहावें. जन्ममृत्यूंची सरकारी नोंद इंग्लंडांत १८३७ सालीं सुरू झाली. त्या शतकाच्या बहुतेक काळांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें दीडशें पहिला वाढदिवसहि पाहत नसत. गिरण्यांच्या शहरांत तर स्थिति याहून वाईट. गोवर, घटसर्प, क्षय यांना श्रीमंताचें दार बंद नव्हतें. खुद्द डिकन्सची मेव्हणी मेरी होगार्थ १८३७ च्या मे महिन्यांत, अवघी सतरा वर्षांची असतांना, त्याच्याच घरीं अकस्मात् वारली. नेलचा शेवट लिहितांना ती जखम पुन्हां वाहूं लागली होती. १८५१ सालीं त्याची आठ महिन्यांची मुलगी डोरा गेली. एलिझाबेथ गॅस्केल बाईंनीं तान्हा मुलगा गमावल्यावर मन गुंतवावें म्हणून 'मेरी बार्टन' लिहावयास घेतली. लिहिणारे व वाचणारे, दोघांच्याहि घरांत एखादा रिकामा पाळणा होता.

दुःख खरें होतें. त्याला मिळालेलें रूप मात्र एका नव्या कल्पनेचें होतें. मूल जन्मतःच पापाचा डाग घेऊन येतें, म्हणून त्याला धाकांत वाढवावें, हें जुन्या कडव्या धर्मोपदेशकांचें मत. रूसोनें १७६२ सालीं 'एमिल' लिहून त्याला धक्का दिला. ब्लेक व वर्डस्वर्थ या कवींनीं बालकाला ईश्वराच्या निकट नेऊन बसविलें. आतां मूल जर मुळांतच निर्मळ, तर वाढणें म्हणजे मळणें आलें! मग त्याची निर्मळता टिकविण्याचा कादंबरीकाराजवळ एकच खात्रीचा उपाय उरतो : त्याला वाढूंच न देणें. आजार हें काम बिनबोभाट करतो. नेलच्या दुखण्याला नांव नाहीं, वांती नाहीं, आंथरुणाला वास नाहीं. ती केवळ क्षीण होत जाते आणि मेल्यावर जिवंतपणींहून सुंदर दिसते. येथें लेखकाची लबाडी उघडी पडते. ऑस्कर वाइल्डनें नेलच्या मरणाची थट्टा केल्याचें सांगतात. ती निर्दय असली तरी अस्थानीं नव्हे.

शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मधील हेलन बर्न्स हीहि साध्वीच, क्षयानें मरणारी. पण तिच्यामागें बोटें गोठविणारी थंडी आहे, करपलेली लापशी आहे, आणि मुलींना अर्धपोटीं ठेवून परलोकाची वाट दाखविणारा चालक आहे. लेखिकेच्या दोन थोरल्या बहिणी, मराया व एलिझाबेथ, अशाच एका शाळेंतून घरीं परतून १८२५ सालीं क्षयानें वारल्या होत्या. हेलन अति चांगली आहे असा आक्षेप आला तेव्हां आपण कांहींच वाढवून सांगितलें नसल्याचें तिनें कळविलें. शिवाय मरण मान्य करते ती हेलन. शेजारीं निजलेली जेन तें मान्य करीत नाहीं. या जेनमुळेंच तो प्रसंग आजहि टिकला आहे.

डिकन्सहि नेलपाशीं थांबला नाहीं. १८४३ च्या 'ए ख्रिसमस कॅरल'मधील टायनी टिम कुबडीवर चालतो. त्याचा रोग मुडदूस कीं मूत्रपिंडाचा, याची पुढें डॉक्टरांनींहि चर्चा केली. पण गोष्टींतलें निदान सरळ आहे : बापाचा पगार थोडा. मालकाची मूठ सुटली तर मूल जगेल. टिम मेला नाहीं हे शब्द मूळ हस्तलिखितांत नव्हते, ते मागाहून घातले गेले! उलट 'डोम्बी अँड सन'मधील लहानगा पॉल हा लक्षाधीशाचा एकुलता मुलगा. पैसा म्हणजे काय, असें तो बापाला विचारतो. पैसा वाटेल तें करूं शकतो असें उत्तर मिळतांच, मग त्यानें आईला कां वांचविलें नाहीं, हा त्याचा पुढचा प्रश्न. बाप निरुत्तर. पेढीच्या नांवासाठीं हवा असलेला हा वारस सहाव्या वर्षाच्या सुमारास जातो.

सर्वांत धारदार चित्र मात्र 'ब्लीक हाउस'मधील जो याचें. रस्ता झाडून पोट भरणारा हा पोरगा गलिच्छ वस्तींत राहतो. त्याला आईबाप नाहींत, अक्षरओळख नाहीं. पोलिस त्याला एका जागीं उभें राहूं देत नाहींत. त्याला ज्वर येतो, आणि तो ज्वर त्याला आसरा देणाऱ्या सुस्थित घरांत शिरून नायिकेचा चेहरा विद्रूप करतो. गरिबाचें आजारी मूल आपल्याला नुसतें रडवीतच नाहीं, तें आपल्या घरांतहि येतें, हें डिकन्सनें १८५२-५३ मध्यें लिहिलें. क्षयाचा जंतु कॉखला सांपडला तो १८८२ सालीं. जो मरतो तेव्हां कादंबरीकार राणीला आणि उमरावांना उद्देशून बोलतो. रडणाऱ्या वाचकाचा रुमाल तेथें हातांतच राहतो.

योगायोग असा कीं त्याच १८५२ च्या फेब्रुवारींत डॉ. चार्लस् वेस्ट यानें लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांचें रुग्णालय उघडलें. खाटा अवघ्या दहा! पॅरिसला असें रुग्णालय १८०२ पासून होतें. डिकन्सनें आपल्या साप्ताहिकांतून त्याची ओळख करून दिली, आणि १८५८ सालीं मेजवानींत भाषण करून व 'कॅरल'चें जाहीर वाचन करून त्यासाठीं पैसा उभा केला. पुढें 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्यें त्यानें जॉनी नांवाच्या अनाथ बाळाला अशाच रुग्णालयांत आणलें. सरकारी अनाथगृहाच्या धास्तीनें म्हाताऱ्या पणजीनें त्याला घरींच लपवून ठेवलेलें, त्यामुळें आणण्यास उशीर झालेला. तेथें स्वच्छ खाट आहे, डॉक्टर आहे, उशाजवळ खेळणीं मांडलेलीं आहेत. जॉनी मरतो, मरण्यापूर्वीं तीं खेळणीं तो शेजारच्या खाटेवरील पाय मोडलेल्या मुलाला देऊन टाकतो.